काडेपेटीएवढी सवत

पुरुषाला सवत नसते म्हणतात. मला होती. काडेपेटीएवढी, निळी, बायकोच्या कमरेला खोचलेली. तिच्यातून दोन वायरी निघायच्या, बायकोच्या दोन्ही कानांत शिरायच्या आणि गाणी गायच्या. हा प्लेअर जावयाने दिलेला. तोवर या घरात ऐकण्यासारखी वस्तू एकच होती, ती म्हणजे मी! मगरीच्या जबड्यात हात घालून मी माझं घड्याळ परत काढलं, ती हकिकत ऐकताना बायको पूर्वी दूध उतू जाऊ द्यायची. आता मी नदीपर्यंत पोचायच्या आत वायरी कानात!

अशात मुलगी माहेरी आली. प्लेअर उलटसुलट बघून म्हणाली, "बाबा, याचा दिवा नुसता लुकलुकून विझतोय. दुरुस्त करा, नाहीतर नवा घ्या."

बायको घाईघाईने म्हणाली, "काही नको. आहे तो बरा आहे."

बघा! माझ्याबद्दल हे वाक्य तिने उभ्या जन्मात उच्चारलेलं नाही.

मी म्हटलं, निकाल मीच लावतो. बेत पक्का होता. दुरुस्तीवाल्याकडून 'याच्यात आता राम नाही' असं वदवून घ्यायचं आणि नवा 'बघू, बघू' करत टाळायचा. मग मगरही माझी आणि बायकोही. दुपारी तिचा डोळा लागताच मी प्लेअरमधून वायरी उपटल्या, नुसता डबा खिशात घातला आणि निघालो.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून नाक मुरडलं. "काका, दिवा तेवढा जिवंत आहे. आवाज गेल्याला वर्ष झालं असेल."

"अरे, सकाळीच तर ती मान डोलावत हसत होती!"

"मग काकू स्वतःच गात असतील मनात," तो म्हणाला.

घरी आलो तर बायको गॅलरीत. वायरी दोन्ही कानांत, त्यांचं दुसरं टोक हवेत लोंबतंय, डबा माझ्या खिशात, आणि बाईसाहेब गालातल्या गालात हसताहेत! मी तोंड उघडलं तसा तिने हात वर केला.

"श्श. मगर येतेय."

भिंतीपलीकडच्या गॅलरीत शेजारचा निवृत्त इंजिनड्रायव्हर पाहुण्यांना रंगवून सांगत होता. माझी नदी! माझं घड्याळ! जिन्यात गाठून मीच त्याला ऐकवलेलं सगळं.

"चोर आहे तो," मी कुजबुजलो. "ती मगर माझी आहे."

"तुमची दर वेळी मरते," बायको म्हणाली. "त्याची घड्याळात बघते, उशीर झाला म्हणते आणि जाते."

"मग या वायरी कशाला?"

"या असल्या की तुम्ही मध्ये बोलत नाही."

मी आल्या पावली दुकानात. म्हटलं, "हा दुरुस्त कर आणि नवाही दे. एक बिघडला तर दुसरा हवा. आवाज असा पाहिजे की भिंतीपलीकडचं अक्षर कानावर पडता कामा नये."

आता बायको आत बसून खरोखरीची गाणी ऐकते. शेजाऱ्याची जिरवली की नाही! दुपारी गॅलरी मोकळीच असते, म्हणून मी तिथे बसतो. जुन्या वायरी कानात घालतो, म्हणजे कुणी हाक मारत नाही. काल त्याची मगर घड्याळाला किल्ली द्यायला परत आली होती. तेव्हा जरा हळू बोला, तो सुरू करतोय.