गालिच्याला मिळणारी वागणूक

आमच्या घरी गालिचा आणण्याचा निर्णय बाबांच्या पायांच्या हितार्थ घेण्यात आला. फरशी गार, बाबांचे पाय तिच्याहून गार, आणि डॉक्टरांनी पाय उबेत ठेवायला बजावलेलं. गालिचा आला, बाबांच्या खुर्चीपुढे अंथरला गेला. बाबांनी हौसेने मोजे काढले, एक पाय पुढे केला, तेवढ्यात दादा म्हणाला, "थांबा."

दादा हा माझा थोरला भाऊ. सगळी नोकरी खरेदी विभागात झाल्यामुळे तुलना केल्याशिवाय त्याला सुईदोरासुद्धा घेववत नाही. त्याचा मुद्दा बिनतोड होता. वापरला की गालिचा मळणार, मळला की साफ करावा लागणार, आणि साफ करायचं यंत्र तर अद्याप निश्चित झालेलं नव्हतं. सबब, यंत्राची निवड होईपर्यंत गालिच्यावर पाय ठेवण्यास तात्पुरती मनाई करण्यात आली. बाबांनी मोजे पुन्हा चढवले.

व्हॅक्यूम क्लीनर विकणारे दोघे जण आले. पहिला म्हणाला, "आमच्या मशीनला ओढ जबरदस्त आहे, साहेब." दुसरा म्हणाला, "आमचं मशीन गालिच्याला लेकरासारखं वागवतं." दादाला 'वागवतं' हा शब्द फार भावला. तेव्हापासून 'गालिच्याला मिळणारी वागणूक' हा आमच्या घरातला एकमेव निकष झाला. दुसऱ्या कुणाला मिळणारी वागणूक विचारात घेण्याची तरतूद नव्हती.

"पण साहेब, कचरा कुठाय? आम्ही ओढायचं काय?" पहिल्याने विचारलं.

कचरा नव्हताच, कारण मनाईचं पालन चोख झालं होतं. मग दादाने शेजाऱ्यांना बुटांसकट पाचारण केलं. शेजारी आले, त्यांचे मेव्हणे आले, मेव्हण्यांचा कुत्रा आला. सगळे गालिच्यावर मनसोक्त फिरले, आणि वहिनीने त्यांना चहा दिला.

"मग मीही चालतो की चार पावलं," बाबा म्हणाले.

"तुमचे पाय स्वच्छ आहेत, बाबा. चाचणीला उपयोगाचे नाहीत."

बाबांनी आपल्या पायांकडे ओशाळून पाहिलं. मला दादाचा संताप आला, पण चाचणी सुरू झाली होती आणि वायर धरायचं काम माझ्याकडे होतं.

पहिल्या यंत्राने धूळ ओढली आणि धुळीबरोबर गालिच्याची लवही ओढली. दुसऱ्याने गालिचा इतक्या मायेने कुरवाळला की कुत्र्याचे केससुद्धा जागचे हलले नाहीत. दादाने साधकबाधक विचार करून दोन्ही घेतली, एक धुळीसाठी आणि दुसरं वागणुकीसाठी. लागोपाठ फेरचाचण्या झाल्या आणि गालिच्याला टक्कल पडलं. त्यावरच्या फुलांचे नुसते देठ उरले.

"आता काय जायचंय त्याचं?" वहिनी म्हणाली. "ठेवू द्या की बाबांना पाय."

"पुराव्यावर पाय ठेवतात का?" दादा म्हणाला. त्याने पहिल्या कंपनीकडे तक्रार केली होती आणि त्यांचा माणूस पाहणीला येणार होता. गालिचा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर गेला. तो माणूस अजून यायचाय.

थंडी वाढली तशी बाबांनीच तोड काढली. यंत्रांचे रिकामे खोके कोपऱ्यात पडले होते. त्यातला एक त्यांनी खुर्चीपुढे ओढला, मोजे काढले आणि दोन्ही पाय आत सोडले. जरा वेळाने म्हणाले, "बरं वाटतंय रे. ऊब आहे याला." त्यांचा चेहरा पाहून मला आणि वहिनीला भरून आलं.

आतल्या खोलीतून दादाचा आवाज आला. "बाबा, तेवढा खोका सोडा. वॉरंटीला मूळ खोका लागतो."

तुम्ही हसताय. हसा. पण हसून झालं की तुमच्या कपाटावर कशाकशाचे खोके जपून ठेवलेत ते एकदा बघा, आणि खाली उतरताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे पाय कशावर टेकलेत तेही.