गावाचा पहिला दुर्मिळ आजार

शेजारच्या चारठाण्याला जुनी देवळं आहेत. ती बघायला बाहेरगावची माणसं येतात, फोटो काढतात, चहा पिऊन जातात. आमच्या गावाकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं आणि हे आम्हाला फार लागायचं. त्यामुळे मेंढरं राखणाऱ्या भिवराबाईच्या रुपालीला लाखात एखाद्यालाच होणारा आजार झाल्याचं संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ग्रामपंचायतीने त्याची तातडीने दखल घेतली.

"चारठाण्यात हाय का असा कुणी?" सरपंच भगवानरावांनी विचारलं.

चौकशी केली. नव्हता. त्याच बैठकीत अभिनंदनाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

फेब्रुवारीच्या अखेरीस जागतिक दुर्मिळ आजार दिन असतो. तालुक्याच्या जनजागृती अधिकाऱ्यांनी रॅली, व्याख्यान आणि रुग्णाचा सत्कार असा कार्यक्रम ठरवून दिला. मी स्वागत समितीत होतो, म्हणून हे सगळं जबाबदारीने सांगतो आहे.

फ्लेक्सचं काम कापड दुकानदार शिवकांतकडे होतं. वर भगवानराव, खाली आम्ही समितीवाले, कडेने शुभेच्छुक आणि त्यांची नातवंडं. रुपालीपुरती जागा काही उरली नाही. "तिला गाव वळखतंयच की," शिवकांत म्हणाला. मजकूर होता, 'दुर्मिळ आजार दिनाच्या हार्दिक शुभेच्छा'. आजाराच्या कसल्या शुभेच्छा, अशी शंका मी काढली.

"मग काय लिवू? भावपूर्ण श्रद्धांजली?"

मी शंका मागे घेतली.

नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी संभाजीनगरच्या दवाखान्यातून भिवराबाईला फोन आला. रुपालीचं औषध आलं होतं. भिवराबाई धावतच मंडपात भगवानरावांकडे आली.

"आण्णा, अँबुलन्स द्या. चारच्या आत पोरीला घेऊन या म्हनायलेत. न्हाई गेलं तर ते औषध दुसऱ्या पेशंटाला जातंय."

गावाला रुग्णवाहिका एकच. तिला केळीचे खुंट बांधले होते, झेंडूच्या माळा सोडल्या होत्या आणि टपावर कर्णे बसवले होते. तिचा रॅलीचा रथ झाला होता.

अधिकारी समजुतीने म्हणाले, "बाई, हे वाहन जनजागृतीसाठी आरक्षित आहे. त्यातून रुग्ण नेला, तर शासकीय वाहनाचा अन्य कामासाठी वापर केल्यासारखं होईल."

"मग यष्टीनं जाते. आडवी घालून नेते कशीबशी. बसवत न्हाई तिला."

पण रॅलीसाठी रस्ता बंद केल्यामुळे एसटी फाट्यावरूनच माघारी जात होती.

"आन् पोरगी गेली तर आमी सत्कार कुनाचा करायचा?" भगवानरावांनी विचारलं. मग थोडं पुढे वाकून हळूच म्हणाले, "त्या औषधानं ती एकदम बरी तर न्हाई ना व्हनार?"

"तेवढं कुठं आमचं नशीब, आण्णा! निस्तं दुखनं वाढायचं थांबतंय."

भगवानरावांचा जीव भांड्यात पडला.

रुपालीची खाट व्यासपीठावर आणली. भर उन्हात तिला शाल पांघरली. नारळ दिला, तो तिच्या हातातून निसटून गडगडत गेला. मी तो उचलून तिच्या छातीजवळ धरला, म्हणून फोटो तरी नीट आला. मग अधिकारी बोलायला उभे राहिले. विषय होता, 'वेळेवर उपचारांचे महत्त्व'. ते पाण्याचा पेला रिकामा करत, पुन्हा भरून घेत बोलतच राहिले.

शेवटी भिवराबाई उठून ओरडली, "सायेब, येळ चालली हो पोरीची!"

"बरोब्बर!" अधिकारी टेबलावर हात आपटून म्हणाले. "हीच, हीच तळमळ घराघरांत पोचली पाहिजे!"

सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

आभारप्रदर्शन झालं, रॅली गावभर फिरून आली, तेव्हा चार वाजून गेले होते. आता रथाचं काही काम नव्हतं. भगवानरावांनी मोठ्या मनाने माळा स्वतःच्या हाताने सोडल्या आणि गाडी भिवराबाईला देऊ केली. तेवढ्यात दवाखान्याचा फोन आला. औषध पुढच्या पेशंटाला दिलं होतं. पुन्हा कधी येईल ते कळवणार होते.

भिवराबाईने शाल काढून खुर्चीवर ठेवली. "दिसभर बोललाव तुमी समदे. माझ्या लेकराला व्हतंय काय, एकानं तरी इचारलं का?"

मला तिचा भयंकर राग आला. केलेल्याची जाणीव म्हणून नाही! रुपालीची खाट दोघांनी उचलली आणि भिवराबाई तिच्या तोंडावर पदराची सावली धरून मागे निघाली.

वाचकहो, आता तुम्हीच न्याय करा. इथवर वाचत आलात, मध्येमध्ये हसलातही. त्या पोरीला नेमकं काय होतं, हा प्रश्न तुम्हाला तरी कुठे पडला? ओशाळू नका. तुमच्यात जनजागृती झाली आहे. आमच्या समितीला अशीच माणसं हवी असतात.