शंभराचा दिवा, पंधराचा उजेड

विजेची कामं कुणी मला शिकवू नयेत. आमच्याकडे दिवे गेले की सगळे आधी मला हाक मारतात, वायरमनला नंतर!

बायकोने मागच्या खोलीत पार्लर काढायचं ठरवलं. खोलीला खिडकी नाही, लागूनच बाथरूम. आरशावर दिवा लावायला ती वायरमनला बोलवायला निघाली.

"मी काय मेलोय?" म्हणत मी कागद पुढे ओढला. दोनशे तीस व्होल्टचा वर्ग, भागिले वॅट. आरशावरच्या शंभर वॅटच्या दिव्याचा रेझिस्टन्स आला पाचशे एकोणतीस ओहम आणि बाथरूममधल्या पंधराच्याचा साडेतीन हजार. म्हणजे शंभराच्यात करंटला अडवणारं कोणी नाहीच, लख्ख पेटणार! वायर कमी पडत होती, म्हणून आरशावरच्या दिव्यातून निघालेली वायर थेट बाथरूमच्या दिव्यात नेली.

"एकदा लावून बघा ना," बायको म्हणाली.

"अगं, गणित केलंय. बघायचं काय त्यात?"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळ्यांच्या मोठ्या बाई. त्यांना कट आवडला तर अख्खी शाळा येणार, नाही आवडला तर पार्लरला त्याच दिवशी टाळं. बाई आरशासमोर येऊन बसल्या.

मी ऐटीत बटण दाबलं. आरशावरचा दिवा ढिम्म, आणि बाथरूम मात्र उजळलं.

"अहो, हे काय?"

"बल्ब गेलाय." दुसरा लावला. तोही ढिम्म.

शेवटी बाथरूमचं दार उघडं टाकून त्या उजेडात बायकोने कात्री चालवली. मी विचार करत राहिलो आणि एकदम उमगलं: तो पंधराचा चोरच शंभराच्याचा घास पळवतोय! हाताला रुमाल गुंडाळून मी तो काढला.

खोलीत अंधार गुडुप झाला आणि त्या अंधारात 'कच्च' असा आवाज आला.

"काय कापलंस गं?" मी विचारलं.

"दिसत असतं तर सांगितलं असतं."

बल्ब परत बसवला. मोठ्या बाईंच्या डाव्या बाजूचे केस कानाच्या वर गेले होते. बायकोचे डोळे भरून आले. बाई उठल्या, बाथरूमच्या आरशात डोकावल्या आणि तिथेच खुर्ची मागवून बसल्या.

"दुसरी बाजूही तेवढीच कर," त्या बायकोला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "जोडणी तुमची?"

"हो."

"कागद आणा. दोन्ही दिवे एकामागोमाग एकाच वायरीत. मग करंट?"

"दोघांतून सारखाच," मी चाचरत म्हणालो.

"आणि जास्त पॉवर कोणाला?"

"ज्याचा रेझिस्टन्स जास्त, त्याला... म्हणजे पंधराच्याला?"

"आकडे काढा!"

पंधराच्याला आले अकरा वॅट, शंभराच्याला जेमतेम दोन. बाईंनी मान हलवली. तोवर दुसरी बाजूही कापून झाली होती; त्या पुन्हा आरशात डोकावल्या. आखूड केसांत त्या चक्क तरुण दिसत होत्या.

"वा! उद्यापासून आमच्या सगळ्या शिक्षिकांना पाठवते. अगदी असाच कट कर हं."

बायकोने आनंदाने मला मिठीच मारली, कात्रीसकट!

आता पार्लर जोरात चाललंय. वायरमनने आरशावर छान उजेड करून दिला, तरी बायका बाथरूममध्येच बसतात. मोठ्या बाईंचा कट तिथलाच ना! मी आंघोळीला शेजाऱ्यांकडे जातो. बिचारे नाही म्हणत नाहीत, फक्त मी आत असेपर्यंत घराचा मेन स्विच बंद ठेवतात.