खडू लावलेला कँडिडेट

"निवडणूक जिंकायला पैसा लागत नाही, ओळख लागत नाही, शहाणपण तर मुळीच लागत नाही. शब्दाचं मूळ ठाऊक असलं की पुरे!"

आरशासमोर उभे राहून शब्दराव हे बोलले आणि अंगातल्या पांढऱ्या शर्टावर खडू घासू लागले. शब्दराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते छापखान्यात प्रूफं तपासत. कुणी नुसतं "चहा घेणार का?" विचारलं, तरी 'चहा' या शब्दाचा जन्म, बालपण आणि प्रवास सांगून होईपर्यंत समोरचा कप गार व्हायचा. म्हणून लोकांनी बहाल केलेली ती पदवी होती.

बायको दारात येऊन थबकली. "अहो, कुणाला चुना लावायला निघालात?"

"चुना नव्हे, खडू! अगं, जुन्या रोममध्ये मतं मागणारा माणूस पांढरा झगा घालायचा आणि तो आणखी झळकावा म्हणून त्याला खडू फासायचा. पांढऱ्याशुभ्रला ते म्हणायचे 'कँडिडस'. त्यावरून कँडिडेट!"

"आणि आपला उमेदवार?"

"तो फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा."

"म्हणजे आशेवर बसलेला. तुम्हाला हाच शोभतो."

पण शब्दरावांची आशा साधी नव्हती. छापखान्याच्या नव्या हॉलमध्ये कुणाचं टेबल कुठे, हे कर्मचारी मंडळाचा नवा सेक्रेटरी ठरवणार होता, आणि हॉलला खिडकी एकच होती. शब्दराव आजवर जिन्याखाली बसत आले होते. डोक्यावर पायांचा धडधडाट, समोर डोळे मिचकावणारा दिवा! कागदावरचा ठिपका अनुस्वार आहे की माशीचा पराक्रम, हे त्यांना बोटाने चाचपून ठरवावं लागे. ती खिडकी त्यांना स्वतःला हवी होती. अगदी जीव टाकून हवी होती!

मतदान जेवणाच्या सुट्टीत होतं. शब्दरावांनी सकाळपासूनच प्रचाराचा धडाका लावला. आधी बाइंडर. त्याच्या गडद निळ्या एप्रनवर, खांद्याशी, प्रेमाने हात ठेवून ते म्हणाले, "दिवसभर खळीच्या वासात नाक कुजतं तुमचं. मी आलो, की खिडकी तुमची! फक्त कुणापाशी बोलू नका."

मग मशीनमन. "उकडून बटाटा होतो तुमचा. खिडकी तुमची! कुणापाशी बोलू नका."

मग हिशेबाच्या बाई. "तुमची ती कुंडीतली झाडं उन्हावाचून माना टाकतायत. खिडकी..."

एक माणूस पटला की शब्दराव समाधानाने शर्टाच्या छातीवरून दोन्ही हात फिरवत आणि पुढच्याचा खांदा गाठत. शेवटी तर ते पॅकिंगच्या मावशींकडेही गेले. आता, मावशी म्हणजे त्यांच्याच विरुद्धच्या उमेदवार! "कुणीतरी उभं राहा," असं मॅनेजर म्हणाले तेव्हा मावशी आधीच उभ्या होत्या, एवढीच त्यांची राजकीय कारकीर्द. पण भरात आलेल्या माणसाला थांबवणार कोण? "मावशी, मत मलाच द्या. खिडकी तुमची!"

दुपारी सगळे मतपेटीपुढे रांगेत उभे राहिले. मशीनमनने पुढच्या बाइंडरकडे पाहिलं.

"काय रे, तुझ्या खांद्यावर हा पांढरा हात कुणाचा?"

"आणि तुझ्या?"

हिशेबाच्या बाईंनी मान वळवून स्वतःचा खांदा पाहिला, मग पुढच्यांचे पाहिले. अख्ख्या रांगेच्या खांद्यांवर पाच बोटांचे ठसे! जणू सगळ्यांना एकाच भुताने झपाटलं होतं, आणि ते भूत दाराशी उभं राहून सगळ्यांना नमस्कार करत होतं.

"तुला काय देऊ केलंय?" बाइंडरने विचारलं.

"खिडकी. तुला?"

"खिडकीच!"

"मला पण रे बाबांनो," मावशी म्हणाल्या. "मी म्हटलं, कसलं गोड माणूस आहे, मी पण यालाच मत देते!"

शब्दरावांना घाम फुटला. घामाने खडू ओला झाला आणि ओघळ पँटवर उतरू लागले. तरी शब्दावरचा विश्वास ढळला नाही. "मित्रहो, गैरसमज नको! 'कँडिड' म्हणजे निष्कपट, मोकळ्या मनाचा. तो शब्दही याच मुळातून आलाय!"

"असं? मग मोकळ्या मनाने सांगा," बाइंडर म्हणाला, "हॉलला खिडक्या किती?"

"एक," शब्दराव म्हणाले. प्रचारातलं तेवढंच वाक्य खरं होतं.

निकालाला वेळ लागला नाही. शब्दरावांना एक मत पडलं. ते कुणाचं, याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता, कारण चिठ्ठीवरही खडू होता. मावशींनी खिडकी कागदाच्या गठ्ठ्यांना देऊन टाकली. म्हणाल्या, "कागद दमट जागी ठेवला की खराब होतो. माणसाचं चालतं." आणि शब्दरावांचं टेबल नव्या हॉलच्या नव्या जिन्याखाली गेलं.

संध्याकाळी बायकोने सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. ती हसलीसुद्धा नाही! शब्दरावांना भरून आलं. तिच्या खांद्यावर हात ठेवून ते गहिवरून म्हणाले, "बघ, येत्या सुट्टीत तुला समुद्र दाखवतो. अगदी नक्की!"

बायको उठली आणि थेट आरशापाशी गेली.

"काय झालं गं?"

"काही नाही," मान वळवून खांदा निरखत ती म्हणाली, "ठसा उठलाय का बघते."