कान कुणावर गेले?

सासूबाईंनी पुन्हा पाळण्यात वाकून बघितलं आणि सुस्कारा सोडला. "एवढे सुपासारखे कान आमच्याकडे कुणाचेच नाहीत बाई!"

चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या जावयाने पटकन दुपट्याने बाळाचे कान झाकले. त्याचेही कान असेच होते. लग्नाआधी ऑपरेशन करून त्याने ते मागे बसवून घेतले होते आणि बायकोला सांगायचं राहून गेलं होतं.

"माझा धंदाच कानांचा," तो घाईघाईने म्हणाला. "रोज लोकांच्या कानांवर चष्म्याच्या काड्या बसवतो. हे कान मामावर गेलेत."

मामा, म्हणजे बायकोचा भाऊ, तिथेच चहा पीत होता. "माझ्यावर?" त्याने आरशात कान चाचपून पाहिले आणि चहा अर्धा टाकून निघून गेला. मग बहिणीचा फोनही उचलेना. सासूबाईंनी जावयाशी बोलणं टाकलं. सासरे घरातसुद्धा कानटोपी घालून बसू लागले. दुकानात गिऱ्हाईक आणि घरी बायको, दोघांनीही चष्मेवाल्याचं डोकं खाल्लं. "एवढ्याशा बाळाच्या कानांवरून माझं माहेर तोडलंस तू!"

शेवटी वैतागून त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. मामा आला, पण रुसलेलाच. जरा कुठे हसणं-बोलणं सुरू होतंय, तोच न बोलावता चष्मेवाल्याची आत्या टपकली. बाळाला उचलताच ती आनंदाने ओरडली, "अगं बाई, हुबेहूब बाप! ऑपरेशनच्या आधी हा अस्साच दिसायचा!"

सगळ्यांचे हात ताटातच थांबले.

"कसलं ऑपरेशन?" बायकोने विचारलं.

आत्याने सगळं सांगितलं, टाके कसे चिघळले इथपर्यंत. चष्मेवाला खाली मान घालून भात चिवडत राहिला. पण सासूबाई भडकल्या त्या भलत्याच माणसावर.

"लग्नाआधी बापाचे कान सरळ केले, मग बाळाचे सरळच यायला नकोत? डॉक्टरने काम कच्चं केलंय!"

"तसं नसतं हो आई," तो काकुळतीला आला. "शिवलेलं-टाचलेलं मुलांत उतरत नाही."

"का नाही?" सासूबाईंनी सासऱ्यांकडे बोट केलं. "यांनी जन्मभर चिडचिड केली, ती पोरांत उतरलीच ना? पुन्हा करून घ्या. दुसऱ्या बाळाच्या आधी. आणि या वेळी पक्कं!"

त्याने आशेने बायकोकडे पाहिलं. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आनुवंशिकतेचा धडा तिला तोंडपाठ होता.

भावाच्या ताटात भाजी वाढत ती शांतपणे म्हणाली, "आई म्हणते ते अगदी बरोबर आहे. उद्याचीच वेळ घेते."