एकोडीच्या नाल्यातलं लाल शेवाळ

लांजेवार सर कुणाच्या घरी गेले की घरची माणसं बैठकीत वाट बघत आणि सर मोरीत सापडत. रांजणाखाली बोट फिरवून ते खिडकीपाशी नेऊन निरखायचे आणि म्हणायचे, "हिरवंच आहे. चहा टाका."

आमच्या साकोलीच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत, मी मराठी. एकटा जीव, खोलीत एक खाट, एक मायक्रोस्कोप आणि वर्तमानपत्रांत दाबून वाळवलेली शेवाळं. वेड लाल शेवाळाचं. आता लाल शेवाळ राहतं समुद्रात, आणि भंडारा जिल्ह्याला समुद्र दाखवायचा तर नकाशाच उघडावा लागतो. पण सर सांगत, त्यातली चार घराणी गोड्या पाण्यात येऊन वसलीत. मात्र ती दिसतात काळपट हिरवी. मग लाल कशावरून, असं विचारलं की सर शांतपणे म्हणत, "कूळ पाहा मास्तर, रंग कायले पाहता?" हे ऐकून प्राचार्यांनी त्यांना एकदा आठ दिवस विश्रांती घ्यायला सुचवलं. सरांनी ती घेतली आणि नाल्यात घालवली.

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात एकोडीच्या नाल्यात, एकाच जागच्या दगडांवर, त्यांना एक झुबका मिळाला. कुठल्याच पुस्तकात बसेना. त्यांनी तो मद्रासच्या एका तज्ज्ञांना पाठवला. उत्तर आलं: प्रजाती नवी दिसते, पण एवढ्याशावर नाव देता येत नाही, त्याच जागचा ताजा नमुना पाठवा. सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. नाल्याला लागून शेत असलेल्या बळीरामभाऊंना त्यांनी निरोप धाडला, रविवारी तुमच्याकडचे दगड पाहायला येतो.

रविवारी आम्ही एसटीने पोचलो. बळीरामभाऊ नाल्यावर हात जोडून उभे होते. "सर, तुमी येऊन राहिले म्हनून घरच्या बायांनी काल दिवसभर गोटे घासले. आता पाहा."

दगड दिवाळीच्या भांड्यांसारखे लखलखत होते. सरांकडे बघायची माझी छाती होईना. ते पाण्यात उतरले, एकेका दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "लय साजरे घासले." मग ओसरीवर बसून दोन बशा पोहे खाल्ले, बायांची चौकशी केली.

परतताना एसटीत माझाच संताप उफाळला. एवढ्या वर्षांची मेहनत राखेने घासून काढली आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, असं मी तावातावाने म्हणालो.

सर खिडकीतून माझ्याकडे वळले.

"मास्तर, मी येनार म्हनून आजवर कोनं आंगनही झाडलं नव्हतं."