वेड्यासकट घर

घर भाड्याचंच घ्यायचं, हे निरीक्षकांनी सामानाचा ट्रक नव्या गावात शिरायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. निर्णय तसा छोटाच. मांडीवर भिंतीवरचं घड्याळ आणि पायात मिक्सर घेऊन ट्रकच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला यापेक्षा मोठा निर्णय घेताही येत नाही.

निरीक्षक वजनमापे खात्यात होते. दुकानांतले तराजू तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, खरं असेल त्यावर शिक्का मारायचा. एकवीस वर्षं हेच केल्यामुळे कुठल्याही गोष्टीतली खोट त्यांना लांबून दिसायची, आणि दिसलेली खोट पोटात राहायची नाही. (म्हणून तर ही सातवी बदली.) त्यांची बायको इस्पितळात एक्स-रे काढायची. तिचं बरोबर उलट. माणसाच्या आत काय मोडलंय ते सगळ्यांत आधी तिला कळायचं, पण भुवईसुद्धा न हलवता ती म्हणायची, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील."

नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने डब्याचं झाकण काढता काढता विषय काढला. त्याची स्वतःची तीन घरं होती आणि राहायला तो सासऱ्यांकडे होता.

"साहेब, भाडं म्हणजे पाण्यात. घर घेऊन टाका."

"मी घर घेत नसतो," निरीक्षक म्हणाले.

"म्हणजे सध्या नाही?"

"सध्या नाही, पुढे नाही, कधीच नाही. घर म्हणजे खुंटा. मी काय बैल आहे?"

यावर टेबलाभोवतीचे सगळे गप्प झाले, कारण सगळ्यांचीच घरं स्वतःची होती. निरीक्षकांना त्या शांततेत मोठा विजय दिसला. त्या दिवसापासून जो भेटेल त्याला ते हा खुंट्याचा सिद्धांत ऐकवू लागले. घर घेतलेला माणूस कर्जाला भितो, शेजाऱ्याला भितो, बदलीला भितो. भाडेकरू कुणाच्या बापाला भीत नाही!

चार महिन्यांत पहिल्या घरमालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं आणि या निर्भय भाडेकरूला बिऱ्हाड हलवावं लागलं. लेकीची शाळा बदलली. ती दहा वर्षांची होती आणि ही तिची पाचवी शाळा. पण दुसरं घर मात्र तिघांनाही मानवलं. तिसरा मजला, दोन खोल्या, एक किचन, एक बाल्कनी. समोरच्या दारात लेकीच्याच वर्गातली मुलगी. आठवड्याभरात दोघींनी दोन्ही बाल्कन्यांत दोरी बांधून तिच्यावरून चिठ्ठ्यांचा डबा फिरवायला सुरुवात केली.

आणि वर्षभराने एका संध्याकाळी घरमालकांचा फोन आला. म्हातारे, सज्जन गृहस्थ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे.

"अहो, मी ते घर विकायचं म्हणतोय. रविवारी एजंट माणसं घेऊन येईल, तेवढं दाखवा. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुम्ही घेता का?"

बायको किचनमधून हात पुसत "काय म्हणतायत?" असं विचारत आली, पण ती दारापर्यंत पोचायच्या आत निरीक्षकांचं बोलून झालं होतं.

"मी? मी घर घेत नसतो!" आणि फोन ठेवला.

लेक दोरीवरचा डबा हातात धरून उभी होती. "बाबा, परत शाळा बदलायची?"

निरीक्षकांनी तिच्या हातातला डबा दोरीवर नीट अडकवला. ते खाकरले. "कोण म्हणतं? इथून कुणी हलत नाही. येऊ दे कोण येतंय ते. बघतोच मी, हे घर कोण घेतं!"

रविवारी एजंट आला. मागे एक नवं जोडपं, हातात हात. एजंटने दारातूनच सुरुवात केली, "हवेशीर! प्रकाश भरपूर! भिंती बघा, खणखणीत!"

"ही भिंत घाम गाळते," निरीक्षक म्हणाले.

"काय?"

"बाथरूमच्या बाजूची. हात लावा. लावा, लावा. एप्रिलपासून ओली आहे. आता इकडे या. ही खोली पश्चिमेला. दुपारी चारला इथे बसून दाखवा, मी तुमच्या नावाने शिक्का मारीन. वरचे गृहस्थ पहाटे पाचला दोरीवरच्या उड्या मारतात, वजन अंदाजे ब्याण्णव किलो. मुख्य दार पावसाळ्यात फुगतं, मग खांद्याने उघडावं लागतं. आणि ही फरशी. बाळ, गोटी आण गं."

लेकीने गोटी आणली. निरीक्षकांनी ती खोलीच्या मधोमध ठेवली. गोटीने क्षणभर विचार केला, मग निवांत घरंगळत दारातून बाल्कनीत गेली. जोडप्याने हात सोडले.

"खोटं एक अक्षर नाही," निरीक्षक एजंटला जिन्यात म्हणाले, आणि ते खरंच होतं. सरकारी माणूस, खोटं कसं बोलेल? फक्त विचारलं नसताना खरं बोलायचा त्यांना आजवर एवढा आनंद कधी झाला नव्हता.

पुढच्या रविवारी एक डॉक्टर आले, त्याच्या पुढच्या रविवारी दोन भाऊ, मग एक बाई आणि त्यांचे सल्ला देणारे सात नातेवाईक. निरीक्षकांचा हात बसत गेला. ओल मोजायला त्यांनी टिपकागद आणला. पश्चिमेच्या खोलीत थर्मामीटर टांगला. ऑफिसातून बुडबुड्याची लेव्हल आणून फरशीवर ठेवली. एजंटचे गाल बसत चालले. तो आता दारातून "हवेशीर" एवढंच म्हणायचा, तेही खाली बघून.

बायको दर वेळी सगळ्यांना चहा द्यायची आणि गप्प बसायची. निरीक्षकांना आधी थोडी धाकधूक होती, की ही आता काही बोलेल. पण पाचव्या रविवारी पाहुणे जिना उतरल्यावर तीच म्हणाली, "गच्चीवरच्या टाकीचं सांगितलं नाहीत."

"टाकीचं काय?"

"गळते की. आणि किचनच्या ओट्याखालचा पाइपही दाखवायला हवा होता."

निरीक्षक भारावले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण बायको त्यांच्या एखाद्या लढ्यात अशी उघडपणे उतरली नव्हती. त्यांनी त्या दिवशी स्वतःहून कपबशा विसळल्या. (एक फुटली. पण भावना बघावी.)

ऑफिसात त्यांनी हेडक्लार्कला सांगितलं, "दीड महिना झाला. एक माईचा लाल टिकलेला नाही!"

"पण साहेब, एवढी खोट आहे तर तुम्ही तिथे राहता कशाला?"

निरीक्षक त्याच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून, हातात तोलून, फक्त "हलका आहे" म्हणाले.

सातव्या रविवारी गॉगलवाला आला.

घरात शिरूनही त्याने गॉगल काढला नाही. चपला काढल्या नाहीत. निरीक्षकांनी "ही भिंत घाम..." एवढं म्हटलं तेवढ्यात तो म्हणाला, "पाडायचीच आहे." पश्चिमेची खोली? "पाडू." दार? "फेकू." किचनच्या दारात उभा राहून तो हसला. "हे काय, किचन? कोंबड्यांचं खुराडं आहे! यात कोण माणसं राहतात?"

बायको तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी होती. लेक ओट्याच्या कोपऱ्यावर वही ठेवून गणितं करत होती. तिने मान खाली घातली.

गॉगलवाल्याने खिशातून टेप काढून खिडकीला लावली. "पाच फूट. बुजवून टाकू."

"चार फूट दहा," निरीक्षक म्हणाले.

"काय?"

"तुमच्या टेपचं टोक वाकलंय. दोन इंच खोटं मापतेय. खिडकी चार फूट दहा इंच आहे. आणि ती बुजवायची नाही!" निरीक्षकांचा आवाज चढला. "सकाळी सात ते नऊ या खिडकीतून जे ऊन येतं ना, त्यात भाजी निवडायला दिवा लागत नाही. खुराडं म्हणे! इथे उभं राहिलं की हात लांब केला तर डबा, वळलं तर पाणी. माझी बायको दमून येते, तिला चार पावलं वाचतात. माझी लेक या कोपऱ्यात बसून वर्गात पहिली आली!"

"तिसरी," लेक पुटपुटली.

"तिसरी आली! भिंत ओली आहे? असेल! म्हणून मे महिन्यात शेजारची खोली माठासारखी गार असते. फरशीला उतार आहे? ओता बादलीभर पाणी, आपोआप बाल्कनीत जातं, पुसायचं कामच नाही!"

बायको खोकली. मग तिने निरीक्षकांच्या पायावर पाय दिला.

"पाय का देतेस? बोलू दे मला! वरचे गृहस्थ पाचला उड्या मारतात, मला गजर लावायची गरज नाही! दार फुगतं, चोराची बिशाद आहे उघडायची?"

"अहो, पुरे," बायको दातांतून म्हणाली.

"का पुरे? असं घर या गावात दुसरं दाखव!"

गॉगलवाल्याने पहिल्यांदाच गॉगल काढला. आत बारीक, व्यवहारी डोळे होते. त्याने ते घरभर फिरवले.

"भाडेकरू एवढं सांगतोय म्हणजे माल चांगला आहे," तो एजंटला म्हणाला. "लाव फोन मालकाला. आजच घेतो. म्हणतील त्यापेक्षा वर देतो."

एजंटच्या गालांवर दीड महिन्यांनी रक्त आलं. तो जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावला.

निरीक्षक खुर्चीवर बसले. लेकीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाल्कनीतल्या दोरीकडे, आणि वही मिटली. बायकोने ट्रे खाली ठेवला, पर्स घेतली, "मला जरा काम आहे" म्हणाली आणि निघूनही गेली. निरीक्षकांना वाटलं, आता ही तोंडही बघणार नाही.

दहा मिनिटं ते तसेच बसून राहिले. मग एकदम उठले. ठीक आहे! खुंटा तर खुंटा! कोण कुठला वाकड्या टेपचा माणूस येऊन माझ्या लेकीची खिडकी बुजवतो काय? हेडक्लार्क हसेल? हसू दे! सगळं ऑफिस हसू दे! लेकीला समोरच्या घरी बसवून त्यांनी स्कूटरला लाथ मारली आणि गाव ओलांडून थेट घरमालकांच्या दारात उभे राहिले.

म्हातारे बनियनवर कुंडीला पाणी घालत होते.

"मला घर घ्यायचंय," निरीक्षक धापा टाकत म्हणाले.

"कोणतं?"

"माझं!"

"तुमचं तुम्ही कसं घेणार?"

"म्हणजे तुमचं! मी राहतो ते!"

"ते तर विकलं," म्हातारे म्हणाले आणि दुसऱ्या कुंडीकडे वळले.

निरीक्षकांनी स्कूटरचा आधार घेतला. "त्या गॉगलवाल्याला?"

"छे! आत्ताच फोन आला होता त्याचा. बराच वर जात होता. पण मी शुक्रवारीच शब्द दिलाय, शब्द मोडायचं माझं वय नाही. आजची माणसं एजंटने आधीच ठरवलेली, म्हणून येऊ दिली. आत सह्याच चालल्यात. या ना."

आत टेबलापाशी, कागदांवर वाकून, निरीक्षकांची बायको सही करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "आलात? बसा. पाणी घ्या."

निरीक्षक बसले. पाणी घेतलं. ते चुकीच्या नळीत गेलं.

"तुमच्या पत्नी दर सोमवारी फोन करायच्या," म्हाताऱ्यांनी त्यांच्या पाठीवर थोपटत सांगितलं. "एजंट म्हणायचा, भाडेकरू वेडा आहे, कुणाला टिकू देत नाही. दर आठवड्याला मला किंमत खाली आणावी लागायची. शेवटी मी यांना म्हटलं, बाई, घर मिळेल, पण आत एक वेडा आहे. तर या म्हणाल्या, वेड्यासकट घेते."

परत जाताना बायको स्कूटरवर मागे बसली. सिग्नलला निरीक्षक मागे न बघता म्हणाले, "मला सांगितलं का नाहीस?"

"रिपोर्ट तयार झाल्याशिवाय आम्ही पेशंटला सांगत नाही."

"आणि ते टाकीचं, पाइपचं..."

"तुम्ही इतकं छान बोलत होतात. म्हटलं, काही राहून जायला नको."

"मग आज पाय का दिलास?"

"सह्या व्हायच्या होत्या अजून! आणि तुम्ही त्या माणसाला माझं घर विकत होतात."

माझं! निरीक्षकांना तो शब्द टोचला. घरी आल्यावर लेक बातमी ऐकून समोरच्या बाल्कनीच्या दिशेने किंचाळली, दोरीवरचा डबा दणदणत पलीकडे गेला, तेव्हा त्यांचे डोळे ओले झाले. (घाम, असं त्यांनी सांगितलं.) पण पक्क्या कागदांच्या वेळी बायको म्हणाली, "दोघांच्या नावावर करू या," तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी घ्यायला निघालो होतो. घेतलेलं मला नको. माझी सही मिळणार नाही! मी भाडेकरू होतो, भाडेकरू आहे, भाडेकरूच राहीन."

"बरं," बायको म्हणाली आणि एकटीने सही केली.

महिन्याने सोसायटीची सभा भरली. तळमजल्यावर सतरंज्या, समोर टेबल, टेबलामागे सेक्रेटरी. पाण्याच्या वेळेचा विषय निघताच निरीक्षक ताडकन उभे राहिले. तीन पानांचं टिपण त्यांनी घरून करून आणलं होतं.

"अध्यक्ष महाराज, हे पाणीवाटप म्हणजे उघडउघड खोटं माप आहे!"

"थांबा," सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाला. "तुम्ही मालक?"

"नाही. मालक ही." निरीक्षकांनी बायकोकडे बोट दाखवलं.

"मग तुम्ही भाडेकरू? करारनामा दाखवा."

"करारनामा कसला? मी हिचा नवरा आहे!"

"बोलू द्या हो त्यांना," बायको समजुतीने म्हणाली. "आमचे मालक आहेत ते."

सेक्रेटरीने नियमांचं पुस्तक उघडलं. पुढून बघितलं, मागून बघितलं, शेजारच्या खजिनदाराला दाखवलं. मग पुस्तक मिटून म्हणाला, "यात मालक आहेत, भाडेकरू आहेत. मालकिणीचे मालक असं काही नाही. तुम्हाला बोलता येणार नाही. बसायला हरकत नाही."

निरीक्षक बसले नाहीत. सभा संपेपर्यंत, पाऊण तास, तीन पानं छातीशी धरून निषेध म्हणून उभेच राहिले. त्या उभं राहण्याचा सोसायटीच्या इतिवृत्तात कुठेही उल्लेख नाही. तिथे फक्त एवढंच लिहिलंय: उपस्थित सभासद बावीस. चहा तेवीस.